टाचेखालची सतरंजी

दिल्लीहून आले म्हटल्यावर जो तो पहिला प्रश्न विचारतो, लाल किल्ला बघितला का? नाही बघितला. कुतुबमिनार मोटारीतून दिसला असता, पण मृणालनं बोट दाखवलं तेव्हा मी पिशवीत चष्मा शोधत होते. मग एवढी दिल्लीपर्यंत जाऊन केलंस काय, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. एक प्रदर्शन बघितलं, एका सतरंजीवर नको तेव्हा बसले आणि धाकट्या भावाशी पोटभर बोलले. माझी दिल्ली एवढीच.

प्रदर्शन हे निमित्त. खरं काम निराळं होतं. मार्गशीर्षात माझ्या केतकीचं लग्न आहे, कराडलाच. आपल्याकडं मुलीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं ते मामानं. केतकीला सख्खा मामा एकच, माझा विलास. आणि त्यानं दिवाळीआधी फोनवर सांगून टाकलं, "अक्का, मामा म्हणून सतीशला उभा कर. मी आशीर्वाद इथूनच देतो." सतीश आमचा चुलत भाऊ, माणूस चांगला, पण सख्खा मामा जिवंत असताना चुलत मामा कशाला? मी फोन ठेवला. तिकीट काढलं आणि फराळाचे डबे बांधायला घेतले.

निजामुद्दीन ते नोएडा

विलास स्टेशनवर स्वतः आला होता. फलाटावर इतकी माणसं, पण त्याचे बूट आधी दिसले. आरशासारखे चकचकीत. लष्करात होता, सुरुंग पेरणं आणि काढणं हे त्याच्या पलटणीचं काम. कारगिलच्या लढाईतून धडधाकट परत आला आणि नंतर, लढाई थांबल्यावर, जमिनीत राहिलेले सुरुंग काढताना डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुढं केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी मिळाली आणि तो दिल्लीकर झाला. चालताना नकली पाय आहे हे अनोळखी माणसाला कळत नाही. मला कळतं, कारण तो चालायला लागला तेव्हा त्याचं बोट मी धरलं होतं.

"किती डबे आणलेस?" तो म्हणाला.

"तुला काय करायचंय? उचल."

हवा म्हणजे काय सांगू. कोपऱ्यावर कुणीतरी ओला पालापाचोळा पेटवला असावा असं सगळ्या शहरभर. सूर्य होता, पण पोळपाटाएवढा आणि तेवढाच फिका. मृणाल, म्हणजे विलासची मुलगी, गुडगावात कंपनीत काम करते, तिनं मला गाडीत बसल्याबरोबर मास्क दिला. "आत्या, घाल ना यार, प्लीज." आत्याला यार म्हणणारी ही माझी एकुलती एक भाची, तेव्हा मुकाट्यानं घातला.

नोएडात त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. दारात चपला काढल्या. शैलानं, माझ्या भावजयीनं, पायावर पाणी घातलं नाही एवढंच, बाकी स्वागत कराडसारखं. विलास मात्र दाराबाहेरच्या खुर्चीवर बसला, बाहेरचे बूट काढले आणि आत घालायचे दुसरे बूट चढवले. त्या जोडाचे तळवे ताटासारखे स्वच्छ. मी हे पूर्वीही पाहिलं होतं आणि मनाशी ठरवून टाकलं होतं की त्याला तो रबरी पाय दाखवायची लाज वाटते. आम्ही सगळ्या नातेवाइकांनीच तसं ठरवून टाकलं होतं. कराडला आला तरी तो माझ्या ओट्यावरूनच बोलायचा, चहा बाहेर घ्यायचा. आम्ही म्हणायचो, "अरे ये की आत, बूट राहू दे, तुला चालतं." तो हसायचा आणि ओट्यावरच बसायचा.

संध्याकाळी मी नारळ, हळदकुंकू आणि पहिली पत्रिका त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती देवापाशी ठेवली, नमस्कार केला आणि म्हणाला, "छान छापलीय. कागद जाड आहे." मग बातम्या लावल्या. मीही आमच्याच घरातली आहे, बातम्या बघत बसले.

मंडी हाउस

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. आधी कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या सरकारी विश्रामगृहाच्या कँटीनमध्ये साबुदाणा खिचडी खाल्ली, कारण विलासला दिल्लीत पाहुणा आला की त्याला तिथं नेल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, अरे मी खिचडी खायला कराडहून आले का? पण दोन बश्या संपवल्या.

प्रदर्शन मंडी हाउसजवळच्या एका हॉलमध्ये होतं. सगळी कामं जखमी होऊन निवृत्त झालेल्या सैनिकांची. मला वाटलं होतं की तोफा, झेंडे, रक्त असलं काहीतरी असणार. एकही तोफ नव्हती. आत गेल्यावर पहिलंच काम नेगीजींचं, हे गढवालचे, विलासचे मित्र. त्यांचा उजवा हात कोपरापासून नाही. डाव्या हातानं चित्र काढायला शिकले आणि एकच विषय काढत राहिले, कणीक मळणारे बायकोचे हात. पहिल्या चित्रात हात आहेत की फावडी, सांगता येत नाही. पुढं पुढं बोटं येतात, मग नखं. शेवटच्या चित्रात बांगडीला चिकटलेली कणीक दिसते. वर्षभर तिनं त्यांना घास भरवला होता. मी विचारलं, "भाभीजी ने देखा?" नेगीजी म्हणाले, "देखा. बोली, आटे में पानी ज़्यादा है." मला भाभीजी न बघताच आवडल्या.

दृष्टी गेलेल्या एका सुभेदारांनी मातीच्या शिट्ट्या केल्या होत्या, पाखरांच्या आकाराच्या. त्या कुणीही उचलून वाजवायच्या होत्या. मीही एक वाजवली. सुभेदार लगेच म्हणाले, "यह तीतर है," आणि मान डोलावली. सगळ्या हॉलमध्ये अधूनमधून तितर आणि मैना ओरडत होत्या.

आता माझी फजिती. आतल्या दालनात जमिनीवर एक सतरंजी अंथरलेली. चांगली ऐसपैस, राखाडी आणि मातकट हिरव्या पट्ट्यांची, मध्ये कुठं कुठं कुंकवासारखा लाल. दोरी नाही, काच नाही. सकाळपासून उभी राहून माझे पाय भरून आले होते. सतरंजी अंथरलेली दिसल्यावर आपण काय करतो? मी चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या, आणि बसले. बसल्यावर पिशवीतून चकल्यांचा डबा काढला.

पहारेकरी धावत आला. "माताजी, माताजी, यह बैठने के लिए नहीं है. यह आर्ट है."

मी म्हटलं, "हमारे में सतरंजी देखा तो बैठते हैं. चकली लो."

मृणालनं कपाळाला हात लावला. "आत्या, उठ ना, बाबांनी विणलेला एक्झिबिट आहे तो." तोवर ज्या मुलीनं हे प्रदर्शन मांडलं होतं ती रुचिका पण आली. बिचारी इतकी सभ्य की मला उठ म्हणेना, नुसती ओढणीचं टोक पिळत राहिली. दालनाच्या दाराशी विलास उभा होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"हसतोस काय, विल्या," मी म्हटलं. "आणि हे बघ, इथं गुडघ्याखाली गाठ आलीय. केवढं टेंगूळ. विणताना लक्ष कुठं होतं तुझं?"

खरंच, लाल पट्ट्यात एका जागी सतरंजी जाड झाली होती, अंगठ्याएवढी वर आलेली, हाताला लाकडासारखी घट्ट. रुचिकानं हळूच भिंतीवरची पाटी दाखवली. तिथं हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं होतं की हा उंचवटा म्हणजे देहात राहिलेल्या जखमेची आठवण. मी वाचलं. बरं लिहिलं होतं, पण मला ते टेंगूळच वाटत होतं.

विलासनं एक खुर्ची ओढली, सतरंजीच्या कडेला ठेवली आणि बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. आधी उजवा बूट, मग डावा. मृणालनं कपाळावरचा हात खाली घेतला. सतीशच्या मुलीच्या लग्नानंतर त्यानं चारचौघांत बूट काढलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. मोज्यातला तो नकली पाय त्यानं सतरंजीवर ठेवला, टाच बरोबर त्या टेंगळावर, आणि उभा राहिला.

"आता ढकल मला."

"काहीतरीच काय?"

"अक्का, ढकल म्हणतो ना."

मी उठले आणि एका बोटानं ढकललं. मग दोन्ही हातांनी, चांगला जोर लावून. तो हलला नाही. मग खुर्चीची पाठ हातात धरून त्यानं टाच त्या टेंगळावरून सपाट जागेवर घेतली, आणि लगेच त्याचं सगळं अंग मागं गेलं. खुर्ची धरली नसती तर आडवाच झाला असता.

मग त्यानं जे सांगितलं ते एवढं साधं होतं की मला माझाच राग आला. नकली पायाचा घोटा वाकत नाही. तो पाय बुटाच्या टाचेची उंची धरून बसवलेला असतो. बूट काढला की टाच खाली जाते आणि माणूस मागं कलंडतो. अनवाणी चालायचा पायही मिळतो, तो त्यानं लावून बघितला होता, पण त्याचा गुडघ्याखालचा उरलेला पाय फार आखूड, त्याला तो सोसला नाही. मोज्यात लाकडी चकती घातली, ती सरकायची. शेवटी विणायला शिकल्यावर त्यानं सतरंजीतच टाचेची जागा उंच केली, आत जुन्या वर्दीच्या चिंध्यांची वळी गच्च ठोकून. पाय गेल्यानंतर अनवाणी, सरळ आणि काही न धरता तो पहिल्यांदा उभा राहिला तो या सतरंजीवर.

"लाज वाटते म्हणून बूट काढत नाहीस असं आम्ही समजत होतो," मी म्हटलं. "सांगितलं का नाहीस रे?"

"कुणी विचारलं नाही. सगळे म्हणायचे, राहू दे, तुला चालतं."

"प्रेमानंच म्हणायचे."

"प्रेमानंच. म्हणून तर काही बोलता येईना. पण मला नाही चालत अक्का. तू पुसलेल्या फरशीवर, देवाच्या खोलीसमोर, बूट घालून फिरू? आणि जोड बदलायला दारात खुर्ची मागितली असती तर सगळं घर धावलं असतं. त्यापेक्षा ओटा बरा."

मला रडू आलं. मी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा सतरंजीवर बसले, कारण आता मला तिथून कोण उठवणार होतं? विलास हळूहळू माझ्याशेजारी बसला, पाय लांब करून. नेगीजी आले. पहारेकऱ्यानं शेवटी चकली घेतली. रुचिका पाटी काढायला निघाली होती, तिला विलासनं थांबवलं. "रहने दो बेटा. वह भी सच है."

पानिपत

पुढच्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मृणालच्या गाडीतून पानिपतला गेलो. विलासला सूत आणायचं होतं. पानिपत म्हटलं की आपल्याला मराठ्यांची हारच आठवते. शाळेत तो धडा आला की आमच्या गुरुजींचा आवाज बारीक व्हायचा. मी तशीच जरा हात जोडून बसले होते, आणि समोर काय, तर चादरी, गालिचे, रजया, ब्लँकेटांची दुकानं, मैलोगणती.

पण ते नंतर. आधी वाटेत मुरथलला पराठे खायला थांबलो. इथला पराठा म्हणजे आपली पुरणपोळी जेवढी असते तेवढा, आणि वर लोण्याचा गोळा. आपल्याकडं एवढं लोणी गोकुळाष्टमीला निघतं. मृणाल फोनवर बोलायला बाहेर गेली तशी मी विषय काढला. एवढं सगळं कळल्यावर मला वाटलं होतं की आता काम फत्ते.

"त्या सतरंजीवर उभा राहतोस तसा मांडवात उभा राहा."

"ती आता प्रदर्शनाबरोबर लखनौला चाललीय."

"मग दुसरी विण."

त्यानं पराठ्याचा तुकडा मोडला आणि दह्यात बुडवून तसाच ठेवला. "सतीशच्या मुलीच्या लग्नात काय झालं, तू होतीस ना?"

होते. गुरुजींनी सगळ्या मामा-काकांना वर बोलावलं होतं. विलास बूट काढून बोहल्यावर चढला आणि अक्षता टाकताना मागच्या मागं पडला. चक्कर आली समजून चार जण धावले, बगलेत हात घालून त्याला उचलला, मंगलाष्टकं थांबली, कुणी पाणी आणलं, कुणी त्याची विजार सारखी केली. नवरीनं अंतरपाटाच्या कडेनं वाकून बघितलं.

"त्या पोरीच्या लग्नाच्या व्हिडिओत मी पडलेला आहे," विलास म्हणाला. "ती दर वर्षी तो बघत असेल. केतकीच्या मंगलाष्टकात लोकांनी केतकीकडं बघावं. मला तिच्या पाठीशी उभं राहायचंय गं. पण पडलो तर?"

"लोक जेवायला येतात, बघायला नाही," मी म्हटलं. तो हसला आणि दह्यातला तुकडा तोंडात टाकला. मला त्याच्यावर चिडायचं होतं आणि चिडता येईना. माझ्या मुलीच्या काळजीनंच तो माझ्या मुलीच्या लग्नाला येत नव्हता. अशा माणसाशी भांडायचं कसं?

पानिपतात ज्यांच्याकडं तो विणायला शिकला त्या बशीर मास्तरांच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तीन माग, आणि कोपऱ्यात सुताच्या लडी. पंजा म्हणजे काय ते मी तिथं पाहिलं, लोखंडी दातांचं, हातात मावणारं अवजार. धागा ओवायचा आणि पंजानं ठोकून खाली बसवायचा. मास्तर पान खात त्याच्या सारख्या उसवलेल्या पहिल्या सतरंजीबद्दल माझ्याकडं तक्रार करू लागले, "आपके भाई की पहली दरी इतनी टेढ़ी थी, कि मैंने कहा, फ़ौजी साहब, इसे उधेड़ दो. उधेड़ दी. फिर टेढ़ी. फिर उधेड़ी. नाराज़ ही नहीं होता था यह आदमी." मी म्हटलं, नाराज होतो, पण घरच्यांवर.

विलास लडी उलटसुलट करत होता. राखाडी घेतली, पांढरी घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "केतकीचा शालू कुठल्या रंगाचा आहे?"

माझ्यासारख्या बाईनं अशा वेळी गप्प राहायचं म्हणजे काय असतं, ते मलाच ठाऊक. तोंडावर आलेलं सगळं गिळून मी म्हटलं, "डाळिंबी."

त्यानं डाळिंबी लड उजेडात धरली, मास्तरांना दाखवली, पिशवीत टाकली.   येताना तिघांनी एक जाड रजई घेतली आणि ती कुणाची यावरून घरी पोचेपर्यंत वाद घातला.

बाल्कनी

त्याच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या जागी एक छोटा चौकटीचा माग आहे. ऑफिसातून आला की चहा घेऊन तो तिथं बसायचा आणि पंजाचा आवाज सुरू व्हायचा, ठक, ठक. मी शेजारी मेथी निवडत बसायची. शैला म्हणाली, "अक्का, पूर्वी संध्याकाळी हे कुणाशी बोलायचे नाहीत. आता निदान ठोकण्याचा आवाज तरी येतो." हे तिनं हसत सांगितलं, पण मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

एकदा त्यानं एक जुना वर्दीचा शर्ट आणला आणि मला म्हणाला, "याच्या पट्ट्या फाड." मी फाडायला घेतला. जाड कापड, फाटता फाटेना. खिशावर त्याच्या नावाची पट्टी निघाल्याची खूण होती. मी थांबले, तर म्हणाला, "फाड की. कपाटात राहून काय करायचाय?" पट्ट्यांची आम्ही दोघांनी मिळून घट्ट वळी केली, लहानपणी वाती वळायचो तशी मांडीवर. तो ती धाग्यांमध्ये बसवत गेला आणि अंगठा लावून उंची बघत गेला. दोनदा उसवली. मी म्हटलं, बशीर मास्तरांनी चांगली सवय लावलीय.

विणून होत आलेली ती सतरंजी पाटाएवढीच होती. रंग डाळिंबी, कडा पांढरी. दोन पाय राहतील एवढी जागा आणि डाव्या टाचेखाली टेंगूळ. एवढं डोळ्यांसमोर होत असताना मी एका शब्दानं विचारलं नाही की येणार का. शैला माझ्याकडं बघून हसायची. तिलाही त्यानं काही सांगितलं नव्हतं.

परत

निघायच्या दिवशी सतरंजी मागावरून काढली. त्यानं बाल्कनीतच ती अंथरली, आतले बूट काढले आणि उभा राहिला. मृणालला म्हणाला, "मोबाईलवर मंगलाष्टकं लाव." ती म्हणाली, "बाबा, सगळी?" "सगळी." तिनं लावली. शेवटचं शुभमंगल सावधान होईपर्यंत तो तसा उभा होता, हात समोर बांधून, अकराव्या मजल्यावरच्या धुरकट उन्हात. आम्ही तिघी दारात उभ्या होतो. शैलानं मुठीत काय धरलं होतं ते मी पाहिलं, तांदूळ होते. संपल्यावर तिनं ते त्याच्या डोक्यावर टाकले आणि तो म्हणाला, "अगं, माझं झालंय लग्न."

स्टेशनवर त्यानं ती सतरंजी गुंडाळून, सुतळीनं बांधून माझ्या हातात दिली.

"नीट ने. ओली करू नकोस."

"बोहल्यावर मीच अंथरीन, माझ्या हातानं," मी म्हटलं. "केतकीच्या मागं."

"तिथं अंथरच. पण आधी तुझ्या घरी अंथर. दाराच्या आत, उंबऱ्यापाशी." त्यानं माझी पिशवी बर्थखाली सरकवली. "मांडवात मला अर्धा तास उभं राहायचंय. तुझ्याकडं मी पंधरा दिवस राहायला येतोय. ओट्यावर किती दिवस झोपू? आत आल्यावर बूट काढायला कुठंतरी पाय ठेवायला नको? त्याच्यावर उभा राहून धुतलेला जोड चढवीन आणि मग तुझ्या सगळ्या घरात फिरेन."

 गाडी हलली तेव्हा तो फलाटावर थोडा चालत आला, त्याचे ते चकचकीत बूट घालून.

आता ती सतरंजी माझ्या दाराच्या आत अंथरलेली आहे. जो येतो तो त्या टेंगळावर अडखळतो. दूधवाला अडखळला, सतीश अडखळला. काल केतकी पाय धरून खाली बसली आणि म्हणाली, "आई, बाजूला कर ना हे."

मी म्हटलं, "हात लावायचा नाही. मामा आत यायचाय."